पाणलोटाचे काम, थकवा आणि मनातले रक्षक

मराठवाड्यात पाणलोट विकास आणि महिला शेतकऱ्यांचे गट या विषयांवर अनेक वर्षे काम करणाऱ्या एका लहान संस्थेच्या प्रमुखांनी हा प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात की, बैठकीत माझा आवाज नकळत चढतो, सहकारी गप्प होतात आणि चांगली माणसे सोडून जातात. सुटी घेतली की अपराधी वाटते. ज्या गावांत आम्ही बांधबंदिस्ती केली, तिथेच आता उसासाठी बोअर पाडले जातात आणि ते पाहून सगळे सोडून द्यावेसे वाटते. रात्री झोप येत नाही, म्हणून उशिरापर्यंत मोबाइल हातात राहतो. एका प्रशिक्षणात मी ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ या मानसोपचार पद्धतीविषयी ऐकले. ती आमच्यासारख्यांच्या उपयोगाची आहे की शहरी लोकांची चैन आहे, आणि ती संस्थेत सर्वांसोबत वापरता येईल का?

ही पद्धत उपयोगाची आहे, मात्र नेतृत्वाच्या प्रशिक्षणांत ती ज्या कारणासाठी सांगितली जाते त्या कारणासाठी नव्हे. तिथे साधारणपणे असे मांडले जाते की, नेता आतून शांत झाला की संस्था शांत होते आणि काम पुढे सरकते. सामाजिक आणि पर्यावरणीय चळवळींतील माणसांसोबत इतकी वर्षे बसल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. आपल्या क्षेत्रात मनाचे जे भाग सर्वांत जास्त ताण वाहतात, त्यांनाच समाज हारतुरे घालतो, पुरस्कार देतो आणि त्याग किंवा निष्ठा असे नाव देतो. त्यामुळे ते भाग स्वतःच्या बचावासाठी उभे राहिलेले रक्षक आहेत, हे त्या माणसाला स्वतःला दिसत नाही. या पद्धतीचा तुम्हाला खरा उपयोग होईल तो इथे.

आधी पद्धतीविषयी थोडक्यात सांगतो. रिचर्ड श्वार्त्झ हे अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोमध्ये, अति खाऊन उलटी करण्याचा विकार असलेल्या तरुण मुलींवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले की, या मुली आपल्या आतल्या निरनिराळ्या आवाजांविषयी बोलतात आणि ते आवाज कुटुंबातील माणसांसारखे एकमेकांशी भांडतात, एकमेकांना दाबतात, एकमेकांचे रक्षण करतात. कुटुंबाकडे पाहण्याची जी रीत त्यांना ठाऊक होती, तीच त्यांनी एका माणसाच्या मनाला लावली. मनात अनेक भाग असतात ही कल्पना त्यांच्या आधीही होती. इटलीतील मनोविकारतज्ज्ञ रॉबेर्तो असाजिओली यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उपव्यक्तिमत्त्वांची मांडणी केली होती. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची सवय तर मराठी माणसाला भजनात आणि श्लोकांत लहानपणापासूनच लागते. श्वार्त्झ यांचे वेगळेपण असे की, त्यांनी या भागांमधील नाती नेमकी मांडली. काही भाग दुखावलेले असतात आणि त्यांना मनाच्या तळाशी हद्दपार केलेले असते. काही भाग व्यवस्थापकासारखे आधीच बंदोबस्त करतात, म्हणजे यादी करतात, चुका शोधतात, विश्रांती नाकारतात, जेणेकरून ते दुखणे वर येऊ नये. तरीही ते वर आले, तर आग विझवणारे भाग धावून येतात आणि हाताला लागेल त्या उपायाने ते बधिर करतात. व्यवस्थापक आणि आग विझवणारे, हे दोन्ही रक्षक. या सर्वांच्या पलीकडे प्रत्येकाच्या ठिकाणी एक ‘स्व’ असतो, जो कुतूहलाने आणि करुणेने या भागांकडे पाहू शकतो आणि त्यांचे नेतृत्व करू शकतो, असे ही पद्धत मानते. हे शेवटचे विधान प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. ते गृहीतक म्हणून घ्यावे आणि आपल्या अनुभवावर तपासावे.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. रात्रीचा मोबाइल हा आग विझवणारा भाग आहे, आणि त्याच्यावर सर्वांत आधी टीका होते, कारण तो उघड दिसतो. मला त्याच्याविषयी फारशी चिंता नाही; दिवसभराचा बंदोबस्त सैल झाला की तोही सैल होतो. मला महत्त्वाचा वाटतो तो सुटी न घेऊ देणारा भाग. ‘बर्नआउट’ (कामाच्या ताणाने पार थकून जाणे) हा शब्द मानसशास्त्रात रूढ झाला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४च्या लेखानंतर, आणि त्यांनी ती अवस्था पाहिली होती न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांमध्ये, ज्यांत ते स्वतःही होते. त्यांच्या मते सर्वांत आधी जळून जातात ती समर्पित माणसे. थोडक्यात, या संकल्पनेचा जन्मच आपल्या प्रकारच्या कामात झाला आहे. पण समर्पण हा स्वभावाचा एकसंध गुण आहे असे समजले, तर दोनच पर्याय उरतात: समर्पण कमी करा किंवा जळत राहा. भागांच्या भाषेत पाहिले की तिसरा पर्याय दिसतो. कामावरचे प्रेम हा एक भाग, आणि ‘तू थांबलीस तर तुझी किंमत शून्य’ असे बजावणारा हा वेगळाच भाग. दोघे एकाच वेळी बोलतात, म्हणून ते एक वाटतात.

एक उदाहरण देतो. ते अनेक व्यक्तींच्या अनुभवांतून जुळवलेले आहे, त्यामुळे त्यात कोणा एकाची ओळख शोधू नये. वनहक्कांवर काम करणारा एक कार्यकर्ता माझ्याकडे आला, तो सहकाऱ्यांच्या आग्रहाने. त्याची तक्रार अशी की, मला संताप येतो आणि तो मला घालवायचा आहे. मी त्याला संतापाशी बोलायला सांगितले नाही. मी विचारले, ‘संताप घालवायचा आहे असे जो म्हणतो आहे, त्याचे आधी ऐकू या का?’ तिथे एक कडक हिशेबनीस निघाला, जो दर बैठकीनंतर रात्री प्रत्येक वाक्याचा जमाखर्च मांडत असे आणि ‘आज पुन्हा तू शोभा करून घेतलीस’ असे म्हणत असे. हे काम थांबवले तर काय होईल अशी भीती वाटते, असे त्या हिशेबनिसाला विचारल्यावर उत्तर आले: ‘मग लोक म्हणतील, याला बोलायची रीत नाही, कारण हा त्या वस्तीतला.’ शाळेत हे वाक्य त्याने खरोखर ऐकलेले होते. पुढच्या भेटींमध्ये कळले की, संतापाचा भागही त्याच मुलाचे रक्षण करत होता, फक्त दुसऱ्या बाजूने. एक म्हणत होता की, कोणाला बोट दाखवायला जागा ठेवू नकोस. दुसरा म्हणत होता की, कोणी बोट दाखवायच्या आत तू दाखव. दोघांची जन्माची भांडणे, आणि दोघांचे काम एकच.

या पद्धतीत अशा जोड्या वारंवार सापडतात, आणि तुमच्यातही ‘आणखी काम कर’ व ‘सगळे सोडून दे’ ही तशीच जोडी असावी असा माझा अंदाज आहे. यांतील एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला गप्प केले तर दबलेला भाग अधिक जोराने परततो. म्हणूनच ‘मला राजीनामा द्यावासा वाटतो’ या विचाराला शत्रू मानू नका, आणि त्याचे लगेच ऐकूही नका. तो काय वाचवू पाहतो आहे, हे विचारा.

हे विचारायचे कसे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. बैठकीत आवाज चढला त्या दिवशी संध्याकाळी, एकट्याने, तो क्षण आठवा आणि शरीरात तो कुठे जाणवतो ते पाहा: छातीत, जबड्यात, पोटात. त्या जाणिवेवर थोडा वेळ लक्ष ठेवले की बहुधा एखादा शब्द, चेहरा किंवा वय समोर येते. मग स्वतःला पुढचा प्रश्न विचारा, जो माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे: ‘या भागाविषयी मला आत्ता काय वाटते आहे?’ उत्तर ‘लाज वाटते’, ‘चीड येते’, ‘याला सुधारले पाहिजे’ असे आले, तर पाहणारी तुम्ही नसून दुसरा एक भाग आहे, आणि आधी त्याला थोडे बाजूला बसण्याची विनंती करावी लागेल. उत्तर ‘याला हे का करावे लागते, हे समजून घ्यायला आवडेल’ असे आले, तरच पुढे जावे. मग त्या भागाला विचारावे की, तू माझ्यासाठी काय करतो आहेस, कधीपासून करतो आहेस, आणि तू थांबलास तर काय होईल अशी तुला भीती आहे. उत्तर वहीत जसेच्या तसे लिहावे. त्याला सुंदर करू नये. एवढ्यावर थांबावे. भीतीच्या मागे जे दुखणे आहे त्याच्याकडे एकट्याने जाऊ नये, आणि रक्षकांची परवानगी नसताना तर तज्ज्ञाबरोबरही जाऊ नये. घाईने तळाशी उतरलेल्या माणसाला नंतरचे अनेक दिवस जड जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

हे कळल्यावर बैठकीत बदल काय होतो? श्वार्त्झ यांच्या परंपरेत एक साधा भेद करतात: भाग आपल्या तोंडून बोलतो, की आपण भागाच्या वतीने बोलतो. ‘तुम्हाला कोणालाच गांभीर्य नाही’ हे पहिल्या प्रकारचे वाक्य आहे. ‘अहवाल उशिरा गेला याचा मला राग आला आहे, आणि त्यामागे भीती ही आहे की, पुढचा हप्ता थांबला तर तुमचेच पगार अडकतील’ हे दुसऱ्या प्रकारचे. राग दोन्हींत आहे, आणि तो दुसऱ्या वाक्यात कमी झालेला नाही. मात्र दुसऱ्या वाक्याला सहकारी उत्तर देऊ शकतो. पहिल्याला तो फक्त मान खाली घालू शकतो. गावातही हेच करावे, पण ‘माझ्यातला एक भाग’ वगैरे परिभाषा ग्रामसभेत नेऊ नये. तिची तिथे गरज नसते, आणि लोक हसतात, ते योग्यच आहे.

मनातल्या या सभेची कल्पना करायची असेल तर आपल्याकडचे एक गाव डोळ्यांसमोर ठेवता येईल. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे अनेकांना माहीत असते. त्याहून कमी लक्ष जाते ते तिथल्या निर्णयपद्धतीकडे. ग्रामसभेत बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरते. एखाद्याचा विरोध असेल तर त्याला मतदानात हरवत नाहीत, विषय पुढे ढकलून पुन्हा बोलतात. शिवाय अभ्यासगट वेगळा असतो, जिथे निर्णय घ्यायचाच नसतो, फक्त समजून घ्यायचे असते. मनाच्या भागांशी बोलताना आपण पहिल्यांदा अभ्यासगटात बसलेलो असतो. आजच्या आज ठराव संमत करून घ्यायची ओढ सुरू झाली की समजावे, तो व्यवस्थापक भाग पुन्हा अध्यक्ष होऊन बसला आहे.

आता उसाकडे येतो, कारण तुमच्या पत्रात तो परिच्छेद सर्वांत जड आहे. इथे मी सावधपणे सांगतो की, तुमचा विषाद हा मनातली गाठ म्हणून सोडवण्याचा विषय नाही. उसाला एफआरपीची, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराची, हमी आणि ठरलेला खरेदीदार असतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण उसासारखा ठरलेला खरेदीदार नसतो. अशा स्थितीत वाढलेले भूजल उसाकडे वळणे, शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून त्यात बोअरचे पाणी साठवणे, ही शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हिशेबाचीच गोष्ट आहे. तिचा उपाय धोरणात आणि गावाच्या नियमात आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा नियम केला, तो कोणाचे मन शांत झाल्यामुळे नव्हे, तर गावाने एकत्र बसून ठरवल्यामुळे टिकला. मग आतल्या कामाचा इथे संबंध काय? एवढाच की, हा नियम करण्याची चर्चा गावात सुरू करायची तर ज्यांनी बोअर पाडले त्यांच्याच ओसरीवर बसावे लागेल. ‘यांनी माझा विश्वासघात केला’ असे म्हणणारा भाग तुमच्या तोंडून बोलत असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत ती चर्चा संपेल. त्या भागाचे आधी घरी ऐकून घेतले, तर गावात तुम्ही पाण्याविषयी बोलू शकाल. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी कार्यकर्ते म्हणून पाहिले, त्यांच्या मनात ‘पुन्हा ते होऊ देणार नाही’ असा एक पहारेकरी अजून जागा असतो. त्याची भीती काल्पनिक नाही. त्याला शांत करण्याचा प्रयत्न न करता त्याची माहिती वापरावी. फक्त गावाशी बोलण्याचे काम त्याच्याकडे सोपवू नये.

हाच मुद्दा जातीच्या आणि लिंगभावाच्या बाबतीत अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो. या पद्धतीत वारशाने आलेल्या ओझ्यांचा विचार आहे: घराण्याकडून, समाजाकडून अंगावर आलेली लाज आणि भीती, जी त्या माणसाच्या स्वतःच्या अनुभवातून जन्मलेली नसते. वर सांगितलेल्या कार्यकर्त्याच्या मनातली लाज त्याने तयार केलेली नव्हती, ती त्याच्यावर लादलेली होती. ज्या कार्यालयात आजही आडनाव विचारून बोलण्याचा सूर बदलतो, तिथे सावध राहणारा त्याचा भाग बरोबरच वागतो, आणि त्याला ‘आता सुरक्षित आहे, आराम कर’ असे सांगणे हा खोटेपणा होईल. स्त्री म्हणून सरकारी कार्यालयांत, गावच्या राजकारणात आवाज चढवल्याशिवाय ऐकूनच घेतले जात नाही, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. तो चढलेला आवाज तिथे तुमच्या उपयोगी पडला आहे. संस्थेच्या बैठकीत मात्र समोर तहसीलदार नाही, तुमच्याहून वयाने लहान सहकारी आहे, आणि त्या भागाला ही बातमी कदाचित कोणी दिलेलीच नाही.

संस्थेत सर्वांसोबत वापरावी का, या प्रश्नाला माझे उत्तर आज तरी नाही असे आहे. संस्थाप्रमुखाने कर्मचाऱ्याला ‘हा तुझा रक्षक भाग बोलतो आहे’ असे म्हटले की, ते निदान राहत नाही, ती हुकमत होते. त्याच्या रास्त तक्रारीला मनोविकाराचे रूप मिळते आणि पगार, कामाचे तास, अपमान हे सगळे मुद्दे बाजूला पडतात. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे, तिथे आतले उघड करण्याची अपेक्षा करणे मला अनुचित वाटते. तुम्ही स्वतःच्या भागांविषयी, तेही मोजके, बोललात तर पुरे. त्याच्या बरोबरीने संस्थेची रचना पाहा. लहान संस्थेत अनेकदा असे घडते की, प्रमुखाच्या मनातली जोडी दोन माणसांत वाटली जाते: झपाटून जाणे प्रमुखाकडे, सावधगिरी समन्वयकाकडे. मग त्यांची भांडणे स्वभावाची वाटतात. समन्वयक सोडून गेला की नवा माणूस येतो, आणि काही महिन्यांत तोही ‘नकार देणारा’ होतो. तुमच्याकडून सोडून गेलेल्या माणसांच्या यादीत हे दिसते का, ते तपासून पाहा. दिसले, तर सावधगिरीचे थोडे काम तुम्ही स्वतःकडे घ्या: पुढचा एखादा प्रकल्प नाकारण्याचे पत्र समन्वयकाऐवजी तुम्ही लिहा.

आणि सगळा ताण आतला नसतो, हे संस्थेच्या विश्वस्तांनीही ऐकले पाहिजे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. त्या झळा लहान ग्रामीण संस्थांना थेट बसल्या. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआरचा) निधी येतो, पण तो बहुधा वर्षाच्या मापाने, आणि पाणलोटाचे काम वर्षाच्या मापात बसत नाही. तीन माणसांचे काम एकटी करणारी स्त्री थकत असेल, तर तिला भागांशी संवादाची नव्हे, दोन माणसांची गरज आहे. २०२१ पासून ‘इनर डेव्हलपमेंट गोल्स’ या नावाने, शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांसाठी आधी आंतरिक क्षमता वाढवल्या पाहिजेत, असे मांडणारा उपक्रम स्टॉकहोमहून जगभर पोहोचला आहे. त्यातले पुष्कळसे मला पटते, पण हा विचार निधी देणाऱ्यांच्या हाती ‘तुम्ही स्वतःवर काम करा’ एवढाच उरण्याचा धोका मला खरा वाटतो.

पुराव्याविषयीही स्पष्ट असावे. इंटर्नल फॅमिली सिस्टिम्सवरचे नियंत्रित संशोधन अजून थोडे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७९ रुग्णांचा अभ्यास झाला आणि ही पद्धत वापरलेल्या गटात वेदना व शारीरिक क्षमता यांत सुधारणा दिसली. त्यावरून ग्रामीण भारतातल्या संस्थाप्रमुखाचे नेतृत्व सुधारते असा निष्कर्ष काढता येत नाही. मी ती वापरतो, कारण तिचे प्रश्न चांगले आहेत आणि माणूस स्वतःचा तिरस्कार न करता स्वतःकडे पाहू लागतो. आतल्या संवादात वर येणाऱ्या प्रतिमांना मात्र घडलेल्या घटनांची नोंद समजू नये, आणि त्यांच्या आधारे घरच्या कोणावर आरोप तर मुळीच करू नये.

तुमच्या बाबतीत पहिले पाऊल झोपेचे असावे. ती अनेक आठवडे बिघडलेली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, रक्तक्षय, पाळी जाण्याचा काळ आणि नैराश्य हे सगळे थकव्याच्या रूपाने येतात आणि वहीत लिहून बरे होत नाहीत. जगणे नकोसे वाटत असेल, किंवा जुना आघात दिवसाही समोर येत असेल, तर हे काम एकटीने करू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्याला शुल्क नाही. तज्ज्ञ शोधताना त्याच्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे एवढेच विचारू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्राचे किंवा समुपदेशनाचे मूळ शिक्षण आहे का, त्याच्या कामावर कोणी वरिष्ठ देखरेख ठेवतो का, आणि पहिल्या भेटीत तो तुमच्या कामाविषयी, निधीविषयी, गावाविषयी काही विचारतो का, हे पाहा. न विचारता थेट बालपणाकडे वळला, तर दुसरा शोधा.